खिळ्याला टांगलेले गार्ड

माझ्या मामाचा साकीनाक्याला गाळा होता, फॅब्रिकेशनचा. खिडक्यांच्या ग्रिल, शटर, जिन्याची रेलिंग, टाकीचे स्टँड, असलं सगळं चालायचं तिथे. शाळेला सुट्टी लागली की दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. आत शिरलं की डाव्या भिंतीत एक हा मोठा खिळा, आणि त्याला पत्र्याच्या अर्धगोल वाट्या टांगलेल्या, एकात एक अडकवून, काहींचा तर रंगही उडालेला नव्हता. मला वाटायचं ही पण ऑर्डरचीच काहीतरी वस्तू असणार. एकदा विचारलं तर मामाचा कारागीर म्हणाला, "वो गार्ड है, मशीन के साथ फुकट आता है."

ग्राइंडरच्या, म्हणजे लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनच्या, फिरत्या डिस्कवरचं हे झाकण, फुकट येतं म्हणून काढून टांगायचं. तेव्हा मी हसले होते बहुतेक.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आमची ग्रिल. भांडुपची आमची बिल्डिंग १९८० च्या दशकातली, खिडकीच्या ग्रिलची खालची पट्टी पावसाने खाऊन खाऊन पापडासारखी झालेली, बोट लावलं की खपली निघते. दोन फॅब्रिकेशनवाले बघून गेले, दोघंही म्हणाले पूर्ण नवीन करा मॅडम, आणि मला पूर्ण नवीन करायची नव्हती कारण वरचं डिझाइन जुनं आहे, मोराचं, तसं आता कोणी वाकवून देत नाही. म्हणून मामाला फोन केला की मशीन दे, मी खालची कापते आणि घासते, वेल्डिंगला कोणीतरी बघू. गाळा बंद होऊन आता बरीच वर्षं झाली पण मामाने दोन मशीन ठेवून दिल्यात, एक एजी फोर आणि एक एजी सेव्हन. मामा म्हणाला, "मशीन देतो गो बाय, पण पहिले दोन रविवार मी समोर खुर्ची टाकून बसणार." मला वाटलं प्रेमाने म्हणतोय. नाही, खरंच खुर्ची टाकून बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एजी फोर म्हणजे चार इंची डिस्कचा अँगल ग्राइंडर, बाजारात सगळे एजी फोर, एजी फाइव्ह, एजी सेव्हन असंच मागतात. डिस्क मोटरला काटकोनात बसते म्हणून अँगल. हे यंत्र १९५४ सालचं, जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने काढलं आणि तिकडे अजूनही लोक ग्राइंडरला फ्लेक्सच म्हणतात, आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं.

पहिल्या रविवारी पहिला तासभर मशीन चालूच केलं नाही आम्ही. मी आपली गॉगल लावून, केस बांधून तयार आणि मामाने माझ्या हातात डिस्क ठेवली, म्हणाला वाच. काय वाचू? डिस्कवर इतकं बारीक लिहिलेलं असतं हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. कशासाठी आहे ते, लोखंड की स्टेनलेस की दगड, जास्तीत जास्त फेरे किती, जास्तीत जास्त वेग किती, आणि मधल्या भोकाभोवती जी धातूची रिंग असते ना, तिच्यावर महिना आणि साल. ती एक्सपायरी. हो, औषधासारखी. या डिस्क म्हणजे घासणारे कण, मध्ये काचेच्या धाग्यांची जाळी, आणि सगळं धरून ठेवणारी रेझिन, आणि ही रेझिन ओल धरते, कमकुवत होते, म्हणून बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत देतात. आता मुंबईच्या हवेत, जिथे जूनमध्ये कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे पोत्यात पडून राहिलेल्या डिस्कचं काय होत असेल विचार करा. मामाकडे गाळ्यातल्या उरलेल्या अख्ख्या पन्नासेक डिस्क होत्या, मी म्हटलं वापरू ना, फुकट आहेत. त्याने एकेक करून सगळ्या कडेला तोडल्या, कोणी उचलून वापरू नयेत म्हणून, आणि मग टाकल्या. "तांदूळ जुना चांगला, डिस्क नाही," एवढंच म्हणाला.

मग हिशोब करायला लावला. मला गणित बरं येतं हे त्याला माहीत आहे. चार इंची म्हणजे १०० मिलिमीटर, मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतं, तर डिस्कच्या कडेचा वेग काढ. काढला. सेकंदाला ५७ मीटरच्या वर, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर. आपली लोकल जोरात पळाली तरी शंभराच्या आसपास, म्हणजे दोन लोकलइतक्या वेगाने जाणारी एक मिलिमीटर जाडीची चकती आपण तोंडापासून दीड फुटावर धरतो, आणि धरताना शेजारणीशी बोलतो. डिस्कवर ८० मीटर प्रति सेकंद लिहिलेलं असतं, ती तिची मर्यादा. त्याच मर्यादेत बसवायला चार इंची डिस्कवर १५ हजारांच्या पुढचा आकडा असतो, सात इंचीवर साधारण ८,५००, नऊ इंचीवर ६,६०० च्या आसपास. डिस्क मोठी तितके फेरे कमी चालतात, साधी गोष्ट. मशीनच्या पाटीवरचा आकडा डिस्कवरच्या आकड्यापेक्षा कमी पाहिजे, बस. एवढं बघायला पाच सेकंद लागतात आणि कोणी बघत नाही.

आणि इथे मामाने तो कारागीर सांगितला. तोच, फुकट आता है वाला.

गाळ्यात एजी सेव्हनची डिस्क झिजत झिजत पाच इंचावर आली की मोठ्या मशीनला ती पुरी पडत नाही, पण फेकायची कशाला, अर्धी तर शिल्लक आहे, म्हणून ती एजी फोरला लावायची. सगळीकडे लावतात, आजही, कुठल्याही साइटवर जाऊन बघा. आता अडचणी बघा किती. डिस्कवर ८,५०० लिहिलंय आणि मशीन ११,००० फेरे मारतंय, ही एक. मोठ्या डिस्कचं भोक सव्वाबावीस मिलिमीटरचं आणि चार इंचीचं सोळाचं, म्हणून मध्ये जुगाड करून वायसर घालायचा, म्हणजे डिस्क नेमकी मध्यावर बसत नाही, थरथरते, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे पाच इंचाची डिस्क चार इंचाच्या गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड काढून खिळ्याला. ती डिस्क एक दिवस फुटली. एक तुकडा पत्र्याच्या छपराला भोक पाडून गेला आणि एक त्याच्या गालावरून कानापर्यंत. तो वाचला, डोळा पण वाचला, नंतर गावाला गेला आणि परत आला नाही. मामा म्हणाला त्या संध्याकाळी सगळे गार्ड खाली काढून एकेका मशीनला बसवले, काहींचे स्क्रू पण हरवलेले, ते शोधण्यात रात्र झाली. मला हे आधी कधी सांगितलं नव्हतं. मी बारावीत असेन तेव्हा, आणि घरात फक्त एवढंच कळलं होतं की मामाच्या गाळ्यात काहीतरी लागलं कोणाला तरी.

लोक गार्ड काढतात त्याची कारणं मी आता बऱ्याच जणांना विचारलीत, आणि ती तीनच आहेत. मोठी डिस्क लावायची असते, कोपऱ्यात मशीन शिरत नाही, नाहीतर कट नीट दिसत नाही. तिसरं कारण मला पटतं खरं सांगायचं तर, गार्डमुळे सुरुवातीला दिसत नाहीच, पण तो फिरवता येतो, क्लॅम्प सैल करून आपल्याला हवा तसा, आणि फिरवायचाच असतो, डिस्क आणि आपण यांच्या मध्ये तो आला पाहिजे. माझ्यासारख्या डावखुऱ्यांना तर कंपनीतून येतो तसा ठेवला की सगळ्या ठिणग्या पोटावर. मी पहिल्या पाच मिनिटांत टी-शर्टला चार भोकं पाडून घेतली तेव्हा कळलं. बाजूचं हँडल पण तसंच, दोन्ही बाजूंना आटे दिलेले असतात, आपल्या हाताप्रमाणे बदलायचं. ते हँडल पण लोक काढून टाकतात म्हणा. एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात कापायचा तुकडा, ही स्टाइल तर आपल्याकडे जणू परंपरा आहे.

कपड्यांचं बायकांना वेगळं सांगायला हवं कारण दुकानदार सांगत नाही. ओढणी नाही, सैल बाही नाही, वेणी पाठीवर सोडलेली नाही, गळ्यात काही लटकणारं नाही, मंगळसूत्र असेल तर काढून नाहीतर आत घट्ट. पुरुषांना पण हातातला गंडा, कडं, गळ्यातला गमछा. ग्लोव्हज घालायचे की नाही यावर मामाचं ठाम मत आहे, चामड्याचे, हाताला घट्ट बसणारे चालतील, पण ते रस्त्यावर मिळणारे पांढरे विणलेले सुती हातमोजे अजिबात नाही, एक धागा डिस्कमध्ये किंवा वायर ब्रशमध्ये अडकला की तो हात घेऊनच जातो. आणि पायात बूट. आपण घरात कामं चपला घालून नाहीतर अनवाणी करतो ना, तापलेला कापलेला तुकडा पायावर पडला की कळतं.

वीज. यावर मी जास्त बोलणार नाही, फक्त एवढंच की पिन नसलेल्या वायरची दोन टोकं सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या खुपसायच्या, हे ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार आणि कृपया माझ्या घरी येऊ नकोस. डिस्क बदलताना प्लग काढायचा म्हणजे बोर्डावरचं बटण बंद नाही, प्लग बाहेर आणि डोळ्यासमोर. आणि परत लावायच्या आधी मशीनचा स्विच बघायचा, कारण सरकवून लॉक होणारा स्विच चालूच राहिलेला असतो आणि प्लग घालताक्षणी मशीन जमिनीवर नाचायला लागतं. लाइट जाऊन आल्यावर पण तेच. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, असेल तर उत्तम.

नवीन डिस्क लावली की मिनिटभर रिकामी चालवायची, तोंडासमोर नाही, बाजूला, आजूबाजूला कोणी नको. वाईट असेल तर तेव्हाच फुटते. मामा बेंच ग्राइंडरचा दगड टिचकी मारून ऐकायचा, खणखणीत वाजला तर चांगला आणि बद्द वाजला तर आत तडा, पण या पातळ डिस्कना ते लागू नाही, यांना नुसतं नीट बघायचं, कड तुटलीय का, चीर आहे का, कधी हातातून पडली होती का. पडली असेल तर गेली.

आता माझा पराक्रम. दुसरा रविवार, मामा चहाला आत गेला. ग्रिल आम्ही काढून गच्चीवर आणली होती, आणि मला बारा मिलिमीटरची एक चौकोनी सळई मधोमध कापायची होती. शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस, मामाने आणलेला पण सळई लांब म्हणून मी म्हटलं दोन स्टुलांवर ठेवू, एक टोक इकडे एक टोक तिकडे, मध्ये कापू. किती साधं. पाऊण जाडी कापून झाली आणि मग सळई स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकली, खाच वरून मिटली, आणि डिस्क आत चिमटली. पुढचं मला नीट सांगता येत नाही कारण ते इतक्या झटकन झालं, मशीन हातात उसळलं आणि वर-मागे माझ्या डाव्या खांद्याकडे आलं. आवाज आला फट् असा. मशीन मी सोडलं नव्हतं, तेही नशीब. डिस्कचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला आणि गार्डच्या आतल्या बाजूला चकचकीत खोल रेघ, आणि गार्डची कड गच्चीच्या कठड्यावर आपटून चेपलेली. गार्ड नसता तर ती रेघ कुठे उमटली असती हा विचार मी त्या रात्री झोपताना बराच वेळ केला.

मामा चहाचे दोन कप घेऊन बाहेर आला, त्याने गार्ड बघितला, सळई बघितली, स्टुलं बघितली. ओरडला नाही. म्हणाला, "सळई वाकणार हे तुला कळलं नाही? लाकूड सुद्धा तसंच वाकतं, सुतार काय करतो?" मग दाखवलं. कापायच्या जागेच्या अगदी जवळ शेगड्यात पकडायचं आणि पडणारी बाजू मोकळी सोडायची, म्हणजे कापता कापता ती खाली झुकते आणि खाच मिटायच्या ऐवजी उघडते. मोठा पत्रा असेल तर मात्र कटच्या दोन्ही बाजूंना जवळ आधार. आणि डिस्क खाचेत ठेवून मशीन चालू करायचं नाही, आधी पूर्ण वेग पकडू द्यायचा आणि मग अलगद टेकवायची, दाबायचं नाही, तिला तिच्या गतीने खाऊ द्यायचं, आणि तिरकी तर अजिबात करायची नाही. कटिंगच्या एक मिलिमीटरच्या डिस्कने बाजूने घासायचं नाही हे पण तेव्हाच, घासायला सहा मिलिमीटरची जाड वेगळी येते, नाहीतर फ्लॅप डिस्क, पॉलिश पेपरच्या पट्ट्या लावलेली. स्वतः डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. कारण डिस्क चिमटली तर मशीन कुठल्या रेषेत येणार ते ठरलेलं असतं, त्या रेषेत तुमचा गळा नको.

मामाच्या हातात कप धरलेला होता आणि तो हलत होता थोडा. चाळीस वर्षं मशीन धरून बोटं बधिर होतात त्याची, सकाळी शर्टाची बटणं लावायला मामी लागते. कानाने पण कमी ऐकू येतं, टीव्ही एवढा मोठा की खालच्या मजल्यावर मालिका फुकट. ग्राइंडरचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि ८५ च्या वर रोज तासन्‌तास राहिलं की कान जातात, हळूहळू, कळत नाही. मी इअरप्लग घालते आता, शेजारच्या काकूंनी पण एक जोडी मागून घेतली.

डोळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला सांगायला लाज वाटते कारण मीच सगळ्यांना गॉगलवरून ज्ञान देत असते. काम संपलं होतं. गॉगल काढून डोक्यावर ठेवला होता, आवराआवर चालू होती, आणि कापलेल्या टोकाला एक बर, म्हणजे कडेला उरलेली लोखंडाची कुसळ, दिसली, जरा टोचेल अशी. एकच. मशीन उचललं, दोन सेकंद टेकवलं. काहीतरी गेल्यासारखं वाटलं पण चोळलं, पाण्याने धुतलं, झालं. रात्री पापणी उघडमीट केली की आत वाळू. सकाळी डोळा लाल, उजेड सहन होईना. डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी बधिर करायचे थेंब घातले, त्या मायक्रोस्कोपसारख्या यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि सुईने तो कण काढला, बुबुळावर रुतलेला. सुई डोळ्याकडे येताना दिसते, आणि हलायचं नसतं. वर त्यांनी सांगितलं की लोखंडाचा कण काही तासांतच गंजायला लागतो आणि भोवती गंजाचं कडं उरतं, ते परत दोन दिवसांनी खरवडून काढावं लागलं. आणि म्हणाले की तुम्ही निदान इथे आलात, बरेच लोक सोबतच्या माणसाकडून रुमालाच्या टोकाने नाहीतर टाचणीने काढून घेतात आणि मग बुबुळावर जखम पिकवून येतात. एक नवीन गोष्ट कळली, पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर डोळ्यात धातूचा कण गेला होता हे आधी सांगायचं, कारण आत काही राहिलं असेल तर त्या चुंबकाने हलू शकतं, मग आधी एक्स-रे काढून बघतात.

नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल आणि कापायचं काम असेल तर त्याच्यावर पूर्ण तोंड झाकणारी फेस शील्ड. नुसती शील्ड पण पुरत नाही, खालून कण शिरतात.

धुळीबद्दल थोडं. आमच्या ग्रिलचा रंग चाळीसेक वर्षांचा. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० वर, आणायचा नियम २०१६ चा, त्याच्या आधीच्या रंगात काय काय असेल कोणाला माहीत, म्हणून घासताना चांगला मास्क आणि नंतर झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतलं. वायर कप ब्रशने गंज झकास निघतो पण त्याच्या तारा सुटून सुयांसारख्या उडतात, माझ्या जीन्समध्ये बाभळीच्या काट्यासारख्या तीन रुतल्या होत्या. पण खरी भीती लोखंडाची नाही, टाइल आणि ग्रॅनाइटची. प्रत्येक सोसायटीत वर्षाचे बारा महिने कोणाचं तरी रिनोव्हेशन चालू असतं आणि मार्बल कटरवाला पोरगा पांढऱ्या ढगात बसलेला असतो, तोंडाला रुमाल. त्या धुळीत सिलिका असते, इतकी बारीक की रुमालातून आरपार, आणि फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून तो कळवायलाच हवा अशा आजारांच्या यादीत आहे. पण फ्लॅटमधल्या त्या पोराला कुठली फॅक्टरी? किचनच्या ओट्यासाठी आता जो कृत्रिम क्वार्ट्झ चालतो त्यात तर सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. तुमच्या घरी काम असेल तर पाणी सोडून कापायला सांगा, त्यासाठीचा कटर येतो, विजेचं नीट बघा, आणि चार एन ९५ मास्क आणून द्या. घराच्या बाकी खर्चात दिसणार पण नाहीत.

लाकूड कापायला ग्राइंडरला दात असलेलं ब्लेड लावायचे व्हिडिओ मला रोज कोणीतरी पाठवतं. नका लावू. ते ब्लेड लाकडात अडकतं आणि दात पकडून मशीन ओढून घेतं, ग्राइंडरचा गार्ड त्यासाठी बनलेलाच नाही. करवत घ्या. आणि ते पेनासारखं छोटं रोटरी मशीन, हस्तकलेवाले वापरतात ते, मी पण घेतलंय आता मोराच्या डोळ्यातला गंज काढायला, त्याला लोक खेळणं समजतात. ते ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातं आणि त्याच्या कापायच्या चकत्या मारी बिस्किटासारख्या, जरा तिरकं झालं की कट्कन. त्यालाही गॉगल लागतोच.

तर आता मंडळाच्या पोरांकडे येते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेअकराला खालून ग्राइंडरचा आवाज, बघते तर मंडपाची फ्रेम कापतायत, अर्ध्या चड्डीत, चपला घालून, एकाच्या हातात मशीन आणि दुसरा मोबाइलचा टॉर्च धरून अगदी ठिणग्यांच्या रेषेत, आणि त्या ठिणग्या थेट कापडाच्या ताग्यांवर, बाजूला थिनरचा डबा. गार्ड अर्थातच नाही. मी गॉगल घेऊन खाली गेले. "ताई, दोन मिनिटांचं काम आहे." माझं पण दोन सेकंदांचं होतं म्हटलं, आणि डोळ्याची गोष्ट सांगितली, सुईसकट. थिनरचा डबा लगेच हलला, कापड हललं, बादलीत पाणी आणि थोडी वाळू आली, टॉर्चवाला मागे सरकला. काम झाल्यावर अर्धा तास कोणीतरी तिथे थांबा असं पण सांगितलं, ठिणगी कापडात धुमसत राहते आणि सगळे झोपल्यावर पेटते. थांबले, पत्ते खेळत. गॉगल अजून परत आले नाहीत.

दोन दिवसांनी त्यातलाच एक वर आला, गार्ड कुठे मिळेल विचारायला. मशीन त्यांचं कोणाकडून तरी आलेलं, गार्ड कधीच हरवलेला. म्हटलं चल, मला पण डिस्क घ्यायच्यात, आणि शनिवारी आम्ही मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे लोखंडाच्या कामाचं काय मिळत नाही सांगा. पहिल्या दुकानात गार्ड म्हटल्यावर तो म्हणाला, "सिर्फ गार्ड?" दुसऱ्याने मशीनच विकायला काढलं. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी पोटमाळ्यावर पोरगा चढवला आणि त्याने एक पुठ्ठ्याचा खोका खाली दिला, धूळ झटकली तर आत पंधरा-वीस गार्ड, कोरे. काकांनी विचारलं कुठलं मॉडेल. पोरगा माझ्याकडे बघतो, मी पोराकडे. प्रत्येक मशीनच्या गळ्याचा घेर वेगळा असतो, त्यावर क्लॅम्प बसायला हवा, नुसतं चार इंची म्हणून चालत नाही, आणि ढिला गार्ड कापता कापता फिरून डिस्कला लागला तर आणखी एक भानगड. काका म्हणाले मशीन घेऊन या.

त्यामुळे आता पुढच्या शनिवारी परत जायचंय, मशीन पिशवीत घालून. माझ्या चेपलेल्या गार्डसाठी पण एक बघते, मामा म्हणतो ठोकून सरळ करतो, पण मी नको म्हटलं.